पेटीच्या दारामागचा कागद

मागच्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी दूध घेऊन येताना आमच्या चौकातल्या जुन्या सिग्नलची पेटी उघडी दिसली. पिशवी हातात तशीच धरून मी थांबलो. दोन मुलं आणि एक मुलगी आतल्या वायरी एकेक करून सोडवत होती. नवी पेटी शेजारी फुटपाथवर, अजून थर्माकोलातच. चारी कोपऱ्यांवर नवे खांब आठवडाभर आधीच उभे राहिले होते, त्यांचे दिवे काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेले. जुने दिवे पहाटेच बंद केले होते. चौकाच्या मध्यावर हवालदार शिट्टी वाजवत हाताने गाड्या सोडत होते.

मी त्या मुलीला म्हटलं, "दाराच्या आतून एक प्लॅस्टिकचं पाकीट चिकटवलेलं असेल. त्यातला कागद टाकू नका."

तिने दार पूर्ण उघडून पाहिलं. पाकीट होतं. "काका, तुम्हाला कसं माहीत?"

"तो मीच लिहिलाय."

मी सत्तावीस वर्षं पुण्यात सिग्नलच्या देखभालीचं काम केलं. नोकरी कंत्राटदाराकडे. कंत्राटं बदलली, मालक बदलले, गाडीवरची पाटी बदलली. पेट्या त्याच राहिल्या आणि आम्ही चार-पाच माणसंही तीच राहिलो. २०१९ मध्ये मी थांबलो. आमच्या चौकाचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि ती या एकाच चौकाची नाही.

जुना सिग्नल बदलायलाच हवा होता, हे आधी सांगतो. त्या पेटीशी माझी माया असली तरी. तिचे सुटे भाग मिळेनासे होऊन बरीच वर्षं झाली होती. एका चौकातली बंद पडलेली पेटी सोडवायची आणि तिच्यातली सर्किटची कार्डं दुसऱ्या चौकातल्या पेटीला लावायची, अशा रीतीने आम्ही ती शेवटची काही वर्षं काढली. पेटीतलं घड्याळ छोट्या बॅटरीवर चालायचं. बॅटरी म्हातारी झाली की वीज गेल्यावर घड्याळ मागे पडायचं, आणि मग सकाळच्या गर्दीचं वेळापत्रक दुपारी लागायचं.

घड्याळाचं महत्त्व बाहेरच्या माणसाला सहसा जाणवत नाही. एका रस्त्यावर ओळीने तीन चौक असतील तर पहिल्याला सुटलेली गाडी दुसऱ्याला पोचेपर्यंत तिथला हिरवा लागलेला असावा, एवढीच मागणी असते. दोन चौकांत ४०० मीटर अंतर असेल आणि गाड्या ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, चालत असतील, तर दुसरा सिग्नल पहिल्यानंतर ४० सेकंदांनी सुटायला हवा. पण या दोन पेट्यांत तेव्हा एकमेकींशी बोलायला तार नव्हती. प्रत्येकीचं घड्याळ वेगळं. म्हणून मी महिन्यातून एकदा सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून मनगटावरचं घड्याळ लावायचो, आणि तेच घड्याळ घेऊन स्कूटरवरून चौकाचौकात जाऊन पेट्या जुळवायचो. आता नव्या पेट्या उपग्रहावरून वेळ घेतात. ते काम संपलं याचा मला मनापासून आनंद आहे.

दिव्यांचंही तसंच. मी कामाला लागलो तेव्हा सिग्नलमध्ये साधे शंभर वॉटचे बल्ब होते, मागे चकचकीत रिफ्लेक्टर आणि पुढे रंगीत काच. चार रस्त्यांच्या चौकात बारा सिग्नल धरा. प्रत्येकात एक दिवा सतत लागलेलाच असतो, लाल तरी, पिवळा तरी, नाहीतर हिरवा. म्हणजे बाराशे वॉट, रात्रंदिवस. दिवसाला जवळजवळ २९ युनिट. त्याच जागी बारा वॉटचे एलईडी लावले की साडेतीन युनिटांत भागतं, आणि वीज गेली तरी बॅटरीवर चौक चालू ठेवता येतो. बल्बच्या काळात वीज गेली की चौक गेला.

चार फाट्यांच्या चौकात प्रत्येक रस्ता पाऊण वेळ लालच असतो. त्यामुळे लालचाच बल्ब आधी जायचा, आणि ज्याने जायला नको तोही लालच. पिशवीतले बल्ब संपले असतील तर मी पिवळ्याचा काढून लालला लावत असे. पिवळा दिवसभरात फार थोडा वेळ लागतो, त्यामुळे त्याचा बल्ब जवळजवळ कोराच असायचा. पश्चिमेकडे तोंड केलेल्या दिव्यांचा त्रास आणखी वेगळा. संध्याकाळचं ऊन सरळ काचेतून आत शिरायचं, रिफ्लेक्टरवर आपटून बाहेर यायचं आणि तिन्ही रंग एकदम लागल्यासारखे दिसायचे. चालकाची त्यात काही चूक नसायची. आम्ही दिव्यावरची टोपी लांब करून बघितली, दिवा थोडा खाली झुकवून बघितला. तो त्रास खरा कमी झाला एलईडी आल्यावर, कारण त्यात मागे आरसाच नाही.

एलईडी आले तेही एका दिवसात रुळले नाहीत. जुन्या पेटीला नवा दिवा जोडला की दोन भानगडी व्हायच्या. पेटीतला विजेचा स्विच बंद असतानाही थोडा करंट झिरपू देतो. शंभर वॉटच्या बल्बला तो जाणवतही नाही, एलईडी मात्र तेवढ्यावर मंद उजळतो. रात्री लाल लागलेला असताना खाली हिरवाही अंधुक दिसायचा. आणि उलट बाजूने, दिवा गेला का हे पेटी करंट मोजून ओळखायची. एलईडी इतका कमी करंट घेतो की पेटीला वाटायचं दिवा उडाला, आणि ती चौक ब्लिंकरवर, म्हणजे नुसत्या पिवळ्या उघडझापीवर, टाकायची. शेवटी प्रत्येक दिव्याला समांतर एक रेझिस्टर जोडला. तो इतका तापायचा की त्याला चिनी मातीच्या तुकड्यावर बसवावं लागलं. वीज वाचवायला आणलेल्या दिव्याशेजारी वीज जाळणारा रेझिस्टर! जुनं आणि नवं अर्धंअर्धं जोडलं की असंच होतं, म्हणूनच पूर्ण पेटी बदलणं मला पटतं.

तरी एका बाबतीत त्या जुन्या पेटीचा मान ठेवायलाच हवा. एका जुलैत रात्री अकराच्या सुमारास फोन आला. चौक ब्लिंकरवर, चारी बाजूंनी पिवळे उघडझाप करतायत, गाड्या अडकल्यात. मी पोचलो तेव्हा लोक ओरडत होते. पेटी उघडली तर जमिनीखालच्या डक्टमधून पाणी वर चढून केबलच्या जोडापर्यंत आलेलं. दोन आडव्या रस्त्यांच्या हिरव्यांच्या तारा त्या पाण्यात एकमेकींना चिकटल्या होत्या. म्हणजे दोन्ही रस्ते एकदम हिरवे झाले असते. पेटीत एक पहारेकरी सर्किट असतं. ज्या दोन हिरव्यांनी एकत्र लागू नये ते एकत्र लागतायत असं दिसलं की ते क्षणात सगळं सोडून पिवळ्या उघडझापीवर जातं. त्या रात्री त्याने तेच केलं होतं. पावसात उभं राहून मी लोकांची बोलणी खाल्ली आणि मनातल्या मनात त्या कार्डाला नमस्कार केला.

आता कागदाकडे येतो.

कागदावर वर टाइप केलेला तक्ता होता, तो सगळ्यांकडे असतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, आणि प्रत्येक फेजला, म्हणजे पाळीने सुटणाऱ्या प्रत्येक बाजूला, किती सेकंद. त्याच्या कडेने निळ्या पेनने मी वर्षानुवर्षं लिहीत गेलो होतो. "शनिवार ११.५० ते १२.२०, शाळा, मुख्य रस्त्याचे ६ काढून पादचाऱ्यांना." "गुरुवार संध्याकाळ, दत्तमंदिराची बाजू, अधिक ४." "बसला उजवीकडे वळताना दुचाकी अडवतात, ५ वाढव." "पावसाळा, ऑल रेड अधिक १." ऑल रेड म्हणजे एक बाजू बंद होऊन दुसरी सुटण्याआधी सगळे लाल असतात ती एक-दोन सेकंदं. ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून पावसाळ्यात एक सेकंद जास्त. यातलं एकही वाक्य मला ऑफिसातून मिळालेलं नाही. शाळेच्या शिपायाने सांगितलं, बसच्या ड्रायव्हरने सांगितलं, फुलवाल्या मावशींनी सांगितलं.

सेकंद कसे ठरतात याचं शास्त्र मला माझ्या पहिल्या साहेबांनी पेटीच्या दारावर खडूने लिहून शिकवलं. १९५८ साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या वेबस्टर यांनी एक सूत्र दिलं, ते आजही शिकवतात. सगळे रस्ते एकेकदा सुटून पुन्हा पहिल्याची पाळी येईपर्यंतचा वेळ म्हणजे एक सायकल. प्रत्येक सायकलमध्ये गाड्या हलायला आणि चौक रिकामा व्हायला काही सेकंद वायाच जातात. त्या वाया सेकंदांची दीडपट करायची, त्यात पाच मिळवायचे, आणि एकातून चौकाचा भार, म्हणजे जास्तीत जास्त सुटू शकणाऱ्या गाड्यांच्या तुलनेत प्रत्यक्ष किती येतात ते प्रमाण, वजा करून जे उरेल त्याने भागायचं. वाया जाणारे सेकंद १२ आणि भार ०.७० असेल तर उत्तर येतं साधारण ७७ सेकंद. भार वाढून ०.८५ झाला तर १५३. भार थोडाच वाढला, सायकल दुप्पट झाली. चौक भरत आला की सिग्नल असा हाताबाहेर जातो. दोन मिनिटांपुढे सायकल नेऊ नका, असं साहेब बजावायचे. तेवढा वेळ लाल बघितल्यावर चांगला माणूसही सिग्नल तोडतो.

पण हे सूत्र लेनमध्ये एकामागे एक उभ्या राहणाऱ्या मोटारींसाठी लिहिलेलं. आपल्याकडे सिग्नल लागला की दुचाक्या फटीफटीतून पुढे येऊन झेब्रावर जमतात आणि सुटला की पहिल्या चार सेकंदांत अर्धा चौक पार करतात. अलका चौकासारख्या ठिकाणी, जिथे लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता आणि लकडी पूल एकत्र येतात, तिथे मी तक्ता हातात घेऊन तासन् तास उभा राहिलेलो आहे. कागदावरचं गणित आणि समोरचं दृश्य जुळायला तीन-चार वेळा बदल करावे लागत. लेन न पाळणाऱ्या आपल्या मिसळ वाहतुकीसाठी तिरुअनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने कॉसिकॉस्ट नावाची वेगळी पद्धत बनवली, ती याच कारणाने. नवे सिग्नल कॅमेऱ्याने गाड्या मोजतात आणि त्या-त्या वेळी सेकंद कमी-जास्त करतात. पूर्वी त्यासाठी डांबरात चर कापून तारेचं वेटोळं पुरायचो. पुढच्या महिन्यात कुणीतरी पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खोदायचं आणि वेटोळं तुटायचं. कॅमेरा वर असतो, त्याला कुदळ लागत नाही.

त्या मुलीने मला लॅपटॉपवर सगळं दाखवलं. कामात हुशार, आणि बोलायला मोकळी. कॅमेऱ्याच्या चित्रात रस्त्यावर हिरवे चौकोन काढलेले होते.

"या चौकोनात गाडी आली की मोजली जाते, काका."

"आणि फुटपाथवर उभं असलेलं माणूस?"

"त्यांच्यासाठी इथे चौकोन नाहीये. पादचाऱ्यांचा किमान वेळ आम्ही हाताने भरतो."

"किती भरलाय?"

तिने बघितलं. "पंधरा."

आमचा मुख्य रस्ता दुभाजकासकट २१ मीटर रुंद आहे. मी पावलांनी आणि टेपनेही मोजलाय. चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा, अशी आपल्या इंजिनिअरांची रीत. त्या हिशेबाने नुसतं ओलांडायलाच साडेसतरा सेकंद लागतात. शिवाय दिवा हिरवा झाल्यावर डावी-उजवी बघून पाऊल टाकायला सुरुवातीचे सात सेकंद द्यायचे, असं आम्ही शिकलो. झाले साडेचोवीस. आणि १.२ चा वेग धडधाकट माणसाचा. माझ्या बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला सांगूनच मी सोसायटीच्या आवारात २० मीटरच्या दोन खुणा केल्या आणि घड्याळ लावलं. २५ सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर. तिला आमचा रस्ता ओलांडायला २६ सेकंद लागतात, आणि ती रोज सकाळी ओलांडते, कारण तिची बहीण पलीकडच्या बाजूला राहते.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिने कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला, आणि मूळ कागद मला परत दिला. ती म्हणाली, "आमच्याकडे आलेल्या फाइलमध्ये फक्त टाइप केलेला तक्ता आहे, काका. पेनचं काही नाही." तिचा दोष नव्हता. निविदेत खांब मोजलेले असतात, दिवे, कॅमेरे, केबलचे मीटर मोजलेले असतात. जुन्या पेटीला काय काय माहीत होतं ते उतरवून घ्या, अशी ओळ मी तरी कधी कुठल्या निविदेत वाचली नाही.

रविवारी रात्री नवा सिग्नल सुरू झाला. दिसायला सुरेख. उंच, स्वच्छ, लांबून ठळक दिसणारा. पादचाऱ्यांच्या दिव्यात चालणाऱ्या माणसाची आकृती, तिच्याशेजारी उलटे मोजणारे आकडे. (२०२० मध्ये मुंबईत दादर-माहीमच्या रस्त्यावर या आकृतीच्या जागी बाईची आकृती बसवली, तेव्हा माझी भाची मुद्दाम बघून आली होती. तेवढ्याशा बदलाने तिला झालेला आनंद मी फोनवर ऐकला आहे.) गाड्यांची रांगही खरंच कमी झाली, ते मी पहिल्याच सकाळी पाहिलं.

मंगळवारी बायको दुभाजकावर अडकली. आकडे शून्यावर आले तेव्हा ती बरोबर मध्यावर होती. दुभाजक दीड फुटाचा. दोन्ही बाजूंनी गाड्या, हातात पिशवी, आणि पुढचा हिरवा यायला दीड मिनिट. मी बाल्कनीतून बघत होतो आणि मला काही करता येत नव्हतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पूर्वी पुरायचं रे."

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन चौकात बसलो. फुलवाल्या मावशींच्या शेजारी, जिथे पूर्वीही बसायचो. पहिल्या दहा सायकलींत सात वेळा कुणी ना कुणी मध्ये अडकलं. काठी घेतलेले एक आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई, दप्तर ओढत चाललेली दोन पोरं. एकही माणूस वेंधळा नव्हता. सगळे हिरव्यातच निघाले होते.

माझी मुलगी सिंगापूरला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हाची एक गोष्ट आठवते. तिथे काही चौकांत खांबावर एक यंत्र असतं. ज्येष्ठ नागरिकाने आपलं सवलतीचं कार्ड त्याला लावलं की चालण्याचा हिरवा वाढतो, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद. २००९ पासून हे सुरू आहे. माझ्यापुढे एक चिनी आजी होत्या. त्यांनी कार्ड लावलं, शांतपणे रस्ता ओलांडला, आणि त्यांच्या वाढलेल्या सेकंदांत मीही ओलांडला. पलीकडे गेल्यावर मी पुन्हा मागे वळून त्या खांबाकडे बघत राहिलो. मुलगी म्हणाली, "बाबा, इथेही सिग्नलच बघताय?" हो, तिथेही सिग्नलच बघत होतो. १३ सेकंदांनी त्या शहराची वाहतूक कोलमडली नव्हती.

वहीतल्या नोंदी, २१ मीटरचा हिशेब आणि माझा जुना कागद यांची झेरॉक्स घेऊन मी ऑफिसात गेलो. एका टेबलावरून दुसऱ्यावर. एकाने सांगितलं, आता सगळं ऑटोमॅटिक आहे, सिस्टिम स्वतः ठरवते. मी त्यांना शांतपणे म्हटलं, सिस्टिम गाड्यांचं ठरवते, पादचाऱ्यांचा आकडा माणसाने भरलाय, आणि तो भरणाऱ्याने रस्ता मोजलेला नाही. दुसऱ्या खेपेला एक साहेब भेटले, त्यांनी तो कागद पूर्ण वाचला. दत्तमंदिराच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे अजून आहे का?" आहे, गुरुवारी या, म्हटलं.

त्या मुलीचा मागच्या आठवड्यात फोन आला. पंधराचे बावीस केले आहेत. एकदम जास्त वाढवायची परवानगी अजून आलेली नाही, पण कागद फाइलला लागला. पावसाळ्याचा ऑल रेडचा एक सेकंद जूनपासून लागेल, तेवढं तिने स्वतःच करून घेतलं. बावीस सेकंदांत बायको दुभाजक ओलांडून पुढच्या दुसऱ्या लेनपर्यंत पोचते. मी सध्या तिच्यासोबत जातो आणि गाड्यांच्या बाजूने चालतो.

शनिवारचा शाळेचा बदल अजून राहिलाय. कॅमेऱ्याला शाळेचं फाटक दिसत नाही, ते वळणाच्या आड आहे. शाळा सुटल्यावर तीन-चारशे पोरं दहा मिनिटांत त्या कोपऱ्यावर येतात. तिने विचारलं की नेमका आकडा मिळेल का, म्हणजे वर दाखवता येईल. या शनिवारी पावणेबाराला मी वही घेऊन फाटकाशी उभा राहणार आहे. ती पण येते म्हणाली.